अडुळशाचा राहिलेला रकाना

५ जानेवारी, सोमवार

आजपासून नवी वही. दोनशे पानं, शिवण पक्की. घेताना दुकानदाराने विचारलं, "मधलं पान ओढून काय बघताय?" म्हटलं, तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करतोय, टाका न बघता वही घेतली तर गिऱ्हाइकं हसतील.

वहीचं कारण लिहून ठेवतो. या वर्षी पुस्तिका छापायचीच. विषय एकच झुडूप, अडुळसा. वर्कशॉपच्या मागे त्याचं कुंपण आहे, बारमाही हिरवं, पुरुषभर उंच. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून कोणीतरी कधीकाळी लावलं असणार. सात वर्षांपूर्वी खोकल्याने मला पुरतं पिडलं होतं तेव्हा याच पानांच्या काढ्याने उतार पडला. तेव्हापासून वाचनालयात जे सापडलं ते वाचलं, जुन्या माणसांना विचारलं आणि नोंदवही केली. आजवर त्रेसष्ट नोंदी. रकाने पाच, मी स्वतः पट्टीने आखलेले: झाडाचा भाग, कशावर, कृती, माप, किती दिवस. एवढी काटेकोर नोंद आसपास कोणाकडे असेल असं वाटत नाही.

मशीनचं कामही मला कोणी शिकवलं नाही. एक मोडकं मशीन उघडलं, जोडलं, तीन स्क्रू उरले. पुन्हा उघडलं, जोडलं, एक उरला. तिसऱ्या खेपेला काही उरलं नाही. झाडाचंही असंच होणार.

पुस्तिकेआधी अंदाज घ्यावा म्हणून नोव्हेंबरात पत्रक छापलं, दोनशे प्रती. दुरुस्त झालेलं मशीन परत देताना त्याच्या खणात, सुयांच्या डबीखाली, एक पत्रक ठेवून देतो. एकतीस गेली. मजकूर असा: "अडुळशाची पाच पुरती वाढलेली पानं ठेचून पिळावीत. निघालेला रस दोन चमचे, तेवढ्याच मधातून, दिवसातून दोनदा. लहानथोर कोणीही निर्धास्त घ्यावा." शेवटचं वाक्य ठळक.

शेजारच्या चष्मेवाल्याने आज पुन्हा थट्टा सुरू केली. "काय वैद्यबुवा, मशीन खोकायला लागलं तर काय देता?"

"तेल."

"गिऱ्हाईक खोकायला लागलं तर?"

"पत्रक."

"आणि पत्रक वाचून खोकायला लागलं तर?"

उत्तर आता सुचतंय: मग तू चष्मा दे. उद्या सांगता येईल, पण त्यात मजा नाही.

११ जानेवारी, रविवार

सुईणबाईंकडे जाऊन आलो. वय ऐंशीच्या पुढे. या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातांवर जन्मली, माझी मुलगीसुद्धा. मागच्या ओट्यावर उन्हात वाटाणे सोलत बसल्या होत्या. पत्रक वाचून दाखवलं. "ठेचून पिळावीत" इथे त्यांनी हात थांबवला.

"किती निघाला रस?"

"दोन चमचे निघतो, पुस्तकात दिलंय."

"पुस्तकाचं नाही विचारलं. तुम्ही ठेचलात तेव्हा किती निघाला?"

मी नेहमी काढाच घेतो. रस कधी काढलेला नाही, हे सांगावं लागलं. त्यांनी खलबत्ता पुढे सरकवला. पाच पानं आणून वीस मिनिटं ठेचत होतो. झाला तो हिरवा चिखल. फडक्यातून पिळला तर फडकं ओलं झालं, वाटी कोरडीच. बाई इतक्या हसल्या की वाटाणे सांडले.

"तुमच्यासारखाच आहे तो, नुसतं ठोकून काही देत नाही. आधी वाफ लागते."

पानं ओल्या फडक्यात गुंडाळून पाव तास वाफेवर ठेवली, मग फडक्यासकट पिळली. गडद रस टपकायला लागला. सात पानांचे दोन चमचे. मोजले.

चूक ती चूक. घरात उरलेल्या एकशे एकोणसत्तर प्रतींवर हाताने दुरुस्ती करीन. गेलेल्या एकतीस गेल्या. रस निघाला नाही तर लोक काढा करतील, एवढी अक्कल लोकांना असते.

बाकी माहिती भरपूर मिळाली. पान गरम करून सुजलेल्या सांध्यावर बांधायचं. वाळली पानं धान्याच्या डब्यात टाकली की किडे फिरकत नाहीत. फळं याच्या पानांत गुंडाळली की लवकर नासत नाहीत. एका बैठकीत नऊ नोंदी. शेवटी बाई म्हणाल्या, "आणि आता कोणाला द्यायचा नाही ते ऐका." पण माझं पान पाचही रकान्यांसकट भरलं होतं आणि चारला एक गिऱ्हाईक यायचं होतं. पुढच्या खेपेला म्हणून उठलो. म्हातारं माणूस, बोलायला लागलं की थांबत नाही. पण केवढी माहिती! मनापासून आभार मानले.

१८ जानेवारी, रविवार

मनी आली. (मुलीचं खरं नाव वेगळं, पण लहानपणी मांजरीसारखी पायात घुटमळायची, तेव्हापासून मनीच.) जावई सोडायला आले होते. महिनाभर राहणार म्हणे. कारण विचारलं तर ही, म्हणजे मनीची आई, म्हणाली, "मुलीला आईकडे यायला कारण लागतं का?" बरोबर आहे.

जावयांचं एक कळलं नाही. बॅग तर त्यांनी उचललीच, पण मनीची छत्री आणि पाण्याची बाटलीसुद्धा तिच्या हातात राहू दिली नाही. माणूस चांगला आहे, पण लाड जरा अतीच.

मनीला खोकला आहे. कोरडा, ठसक्याचा, आठ दिवसांपासून. डॉक्टरांचं औषध का घेत नाहीस, तर म्हणे, "नको बाबा, साधंच आहे, जाईल." औषधाला नको म्हणणारी मुलगी आणि दाराशी अडुळसा. यापेक्षा सोयीचं काय हवं!

२१ जानेवारी, बुधवार

औषधाआधी तीन दिवस नुसतं मोजून घेतलं, म्हणजे फरक कळेल. सकाळी सात ते आठ, बाहेरच्या खोलीत बसून, पेन्सिलीने पाचापाचाच्या रेघा. सोमवारी एकवीस, मंगळवारी तेवीस, आज बावीस. ही म्हणाली, "पोरगी खोकतेय आणि तुम्ही दुधाचे रतीब मांडल्यासारख्या रेघा काय ओढताय?" शास्त्राला इलाज नाही.

आणखी निरीक्षणं: सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी सुकी बिस्किटं खाते. दुपारी झोपते. वर्कशॉपात डोकावली तर तेलाच्या वासाने तोंड फिरवून गेली. लहानपणी याच वासात गृहपाठ करायची. खोकल्याने अशक्तपणा आलेला दिसतो.

संध्याकाळी पहिला काढा मी स्वतः केला. पाच पानं, चार कप पाणी, आटवून एक. अर्धा कप तिच्या हातात दिला आणि समोर उभा राहिलो. तिने हिच्याकडे पाहिलं. मग घोट तोंडात घेऊन मोरीकडे गेली, "कडू आहे फार" असं तोंडातल्या तोंडात म्हणत. नळ बराच वेळ चालू होता. पेला रिकामा करून आणला. शहाणी पोर.

२२ जानेवारी, गुरुवार

काढ्याचं काम हिने मागून घेतलं. "तुम्हाला दुकान आहे, मी उकळते." सात वर्षांत हिने माझ्या झाडाला हात लावलेला नाही, आणि आज आपणहून! बरं वाटलं. पानांत गडबड नको म्हणून रोज दोन जुड्या बांधून देणार: सकाळची लाल दोऱ्याने, संध्याकाळची पांढऱ्या. प्रत्येकीत मोजून पाच पानं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी तीन. तीन! बावीसवरून तीनवर, नऊ दिवसांत. तक्ता शाईने पक्का केला. मनी आता पेला एका दमात संपवते, तोंडही वाकडं करत नाही. म्हटलं, कडूची सवय झाली. ती म्हणाली, "तुमच्या हाताला गुण आहे बाबा." हे ती म्हणाली तेव्हा ही पदर तोंडाला लावून आत गेली. तिलाही भरून आलं असावं.

छापखान्यात जाऊन पुस्तिकेत एक पान वाढवायला सांगितलं. "घरातील प्रत्यक्ष अनुभव", तक्त्यासकट. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला "लहानथोर कोणीही निर्धास्त" हे वाक्य मोठ्या टायपात. छापखानेवाला म्हणाला, सोमवारी टाइप जुळवायला घेतो. कितीतरी जणांचे उपकार आहेत या कामामागे, अर्पणपत्रिकेला जागा पुरणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सावकाश लिहितो.

एका गिऱ्हाइकाच्या मशीनचं शटल गुंडाळायला कागद हवा होता म्हणून स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला. गठ्ठ्यामागे जुड्या. लाल दोरा, पांढरा दोरा, लाल, पांढरा. पानं वाळून पिवळट पडलेली, पण अखंड. उकळलेलं पान असं राहत नाही, लिबलिबीत होतं. मोजल्या. बावीस तारखेपासून आज सकाळपर्यंत एकवीस दिल्या होत्या. एकवीसच्या एकवीस तिथे होत्या.

ही भांडी विसळत होती. समोर धरल्या.

"हे काय?"

"पानं."

"ती दिसतायत. उकळली का नाहीत?"

"केराची बादली तुम्ही नेता, म्हणून वर ठेवली."

"मी ते विचारत नाहीये! मग तिला रोज दिलंस काय?"

"ज्येष्ठमधाचं पाणी. मध घालून."

"अगं पण माझा तक्ता!"

"तक्ता बरोबर आहे की. खोकला गेलाच."

माझा आवाज चढला. घरातच फसवणूक, आणि तीही औषधाच्या बाबतीत, असं बरंच बोललो. हिने नळ बंद केला, हात पुसले.

"दिवस गेलेत तिला. दोन महिने उलटून गेले. पोटुशी बाईला अडुळसा देत नाहीत. पोट दुखायला लागतं, धरलेलं सुटतं. आणि तिचे याआधी दोन सुटलेत."

"दोन?"

"इस्पितळात दोनदा जाऊन आली ती काय हवापालटाला?"

मला तेव्हा "बायकांचं काहीतरी" एवढंच सांगितलं होतं. मीही एवढंच विचारलं होतं.

"मला सांगायचं होतंस."

"तिसरा महिना सरेपर्यंत कोणालाच सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. दोनदा सगळ्यांना सांगून झालं होतं तिचं. आणि तुम्हाला नाही म्हटलं असतं तर ऐकलं असतंत? पुस्तक काढून बसला असतात."

बसलो असतो. हे लिहायला जड जातंय, पण बसलो असतो. आणि ती मुलगी, बापाला वाईट वाटू नये म्हणून, वादात हरली असती आणि प्याली असती.

मग पत्रक आठवलं. हिला विचारलं, "पत्रक वाचलं होतंस ना? तेव्हाच का नाही बोललीस?"

"कुठे वाचणार? तुम्ही ती मशीनच्या खणात ठेवता. आपलं मशीन चार महिने झाले मोडूनच पडलंय."

मनीच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. सगळं ऐकलं असणार. विचारायचं होतं ते एकच विचारलं, "पहिल्या दिवशीचा?"

"चूळ भरून टाकला बाबा. थोडासा गेला असेल घशाखाली." मग म्हणाली, "रागावलात?"

मी नाही म्हटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

छापखाना उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो आणि काम थांबवलं. तिथून सुईणबाईंकडे.

"मी सांगतच होते की," बाई म्हणाल्या. "तुम्ही पेनाला टोपण लावलंत."

"रकाना नव्हता," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"कळा लांबल्या की आम्ही याचं मूळ वाटून लावायचो, बाळंतीण मोकळी व्हावी म्हणून. जे मोकळं करायला द्यायचं ते धरून ठेवायच्या दिवसांत कोण देईल?"

"हे सगळ्यांना ठाऊक असतं?"

"बायकांना असतं. बायका कुठे लिहितात? करतात."

पहिल्या दिवशीच्या घोटाचं विचारलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं. "घोटाने काही होत नाही. पण तिला चालायला लावू नका फार." हे त्यांनी फार हळू सांगितलं.

घरी येऊन नोंदवही उघडली. बहात्तर नोंदी. पट्टी घेऊन उजवीकडे जागा काढायला बसलो तर जागाच नाही. पाच रकान्यांनी पान काठोकाठ भरलंय. शेवटी प्रत्येक नोंदीला कागदाची एकेक पट्टी चिकटवली. वर लिहिलं: कोणाला देऊ नये. बहात्तर पट्ट्या. भरता आली एकच. बाकीच्यांचं मला काहीही माहीत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एकतीस घरं. यादी आहे, कारण दुरुस्तीची नोंद मी पत्त्यासकट ठेवतो. निमित्त काढलं की दुरुस्त केलेल्या मशीनला तेल देऊन जातो, खण साफ करतो. तीन दिवसांत चोवीस घरं झाली.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंनी पत्रक भिंतीला टाचलं होतं. खाली पेन्सिलीने, टाक्यांसारख्या सरळ अक्षरात: "गरोदर असेल तर नको. लहान मुलांना विचारून." मी ते काढायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे हो, चांगलं आहे. फक्त अर्धवट होतं, मी पुरं केलं."

दुसरीकडे सासू-सून दोघी शिवतात. सासूबाई म्हणाल्या, "तो कागद? आम्ही फार हसलो. ठेचून रस! अहो, तो काय टोमॅटो आहे?" सून म्हणाली, "आई, त्यांनीच लिहिलंय." सासूबाईंनी मला लगेच खुर्ची दिली.

एकीने त्या कागदाचा कॉलरचा साचा कापला होता. सहा जणींनी उघडलाच नव्हता. एकीने टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला होता. तो तिथून काढताना टेबल कलंडलं आणि बटणांचा डबा सांडला. तासभर बटणं वेचत होतो. एरवी अपमान वाटला असता. आज वाटलं, कोणीही माझं ऐकलं नाही, किती चांगली माणसं आहेत!

८ फेब्रुवारी, रविवार

तीस झाली होती. एकतिसावं घर पाणीटाकीच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली. नवं जोडपं, गावात ओळखीचं कोणी नाही. मुलगी परकर-पोलकी शिवून देते. तिने दार उघडलं आणि मी जिन्यातच थांबलो. पाचवा महिना असेल. आणि खोकत होती.

"काका! बरं झालं आलात. तुमच्या औषधाचं विचारायचंच होतं."

ती आत गेली आणि तिने पाटा-वरवंटा दाखवला, त्यावर हिरवा रंग चढलेला. "तीनदा आणली पानं, टाकीच्या कुंपणावरून. वाटून वाटून हात दुखले, पण रसच निघत नाही. पिळलं तर नुसता चोथा. हे म्हणाले काढा कर. मी म्हटलं, कागदावर रस लिहिलंय, काकांनी काही उगाच लिहिलं नसेल. त्यांनाच विचारू."

"पोटात गेला का थोडा तरी?"

"निघालाच नाही तर जाणार कुठून?"

मी तिच्या उंबऱ्यावर बसलो. तिने पाणी आणलं. मी तिला सगळं सांगितलं, माझं काय चुकलं तेही. अडुळसा नको, खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जा, तुझ्या दिवसांचं सांग. ती घाबरली, मग म्हणाली, "काका, रडू नका ना." मी रडत नव्हतो, नाक वाहत होतं. हिला घेऊन उद्या पुन्हा येतो म्हणून सांगितलं. तिला कोणीतरी बाईमाणूस हवं.

घरी येताना चालत आलो. तीस वर्षं मी बिनचूक कामाचा अभिमान बाळगला. आज कृतीच्या रकान्यातली एक चूक नसती, मी ती वाफ आधीच शिकलो असतो आणि पत्रकात नीट लिहिली असती, तर त्या मुलीने दोन चमचे बरोबर मोजून घेतले असते, दिवसातून दोनदा. देवाचे आभार मानावेत तर कशाबद्दल म्हणून मानावेत? तरी मानले. मी चुकलो, म्हणून मानले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दहाला मनीच्या पोटात दुखायला लागलं. थोडं अंगावरून गेलं. जावयांना फोन, मग इस्पितळ. ही आत, मी बाहेर बाकावर. बाकाला सोळा खिळे, एक सैल. जावई साडेबाराला धावत आले. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. मी सांगितलं नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "बाबा, मागच्या दोन्ही वेळांना मी असाच बसलो होतो." मागच्या दोन्ही वेळांना मी दुकानात होतो.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी उठून आधी घोटाचंच सांगितलं: एकवीस तारीख, अर्धा कप, चूळ भरली, थोडा गेला असेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तेवीस दिवसांपूर्वीचा घोट आज दुखत नाही. मनातून काढून टाका. ठोके लागतायत, नीट आहेत. तिने आता झोपून राहायचं." मग थांबून म्हणाल्या, "पण रोज दिला असता तर मी असं म्हटलं नसतं. कोणी थांबवलं?"

मी हिच्याकडे बोट केलं. डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडे बघून मान हलवली. ही म्हणाली, "त्यात काय." घरी येऊन तिचं मशीन उघडलं, चार महिन्यांपासून पडलेलं. बॉबिन केस बदलली, ताण बसवला, संध्याकाळपर्यंत चालू करून दिलं. तिने एक रेघ शिवून पाहिली आणि म्हणाली, "आभार असे मानतात होय?"

४ मार्च, बुधवार

तिसरा महिना सरला. मनीने स्वतः सगळ्यांना फोन केले. मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय असं समजा." मग समोर बसवून रीतसर सांगितलं. मीही रीतसर आनंदलो, आणि आश्चर्य म्हणजे तो आनंद अगदी नवाकोरा होता.

१९ एप्रिल, रविवार

पुस्तिका छापून आली. सोळा पानं होती, नऊ झाली. "प्रत्यक्ष अनुभव" नाही. पहिल्याच पानावर, औषधांच्याही आधी, कोणी घेऊ नये ते. सुईणबाईंनी सांगितलं, हिने वाक्यं सुधारली, डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर झाड सोडा, तपासून घ्या, हेही त्यांनीच घालायला लावलं. चष्मेवाला चाळून म्हणाला, "वैद्यबुवा, यात तर अर्ध्यावर ‘करू नका’च आहे."

"म्हणून तर भरवशाची आहे."

"तुम्ही बरे आहात ना?" असं विचारून त्याने दोन प्रती घेतल्या.

पाणीटाकीच्या रस्त्यावरची मुलगी आता दर रविवारी हिच्याकडे येते. दोघी मिळून मनीच्या बाळाची झबली शिवतात. मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुम्ही फक्त तेल द्या.

२९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. मनी सुखरूप. रडण्याचा आवाज बंद दारातून आला, आणि जावयांनी माझा हात एवढा दाबला की अजून बोटं दुखतायत.

अकराच्या सुमारास आत सोडलं. मनी दमलेली, केस कपाळाला चिकटलेले. मला म्हणाली, "घ्या ना बाबा." मी कधी एवढं लहान मूल हातात घेतलेलं नाही. मनीलाही तीन महिन्यांची झाल्यावर घेतलं होतं, भीतीने. मी हिच्याकडे वळून विचारलं, "आधी सांग, काय करायचं नाही?"

ही हसली. माझी कोपरं धरून मला खुर्चीत बसवलं, डावा हात मानेखाली सरकवला, दुसरा खाली. "मान मोकळी सोडायची नाही. चेहऱ्याजवळ बोलायचं नाही. आणि मोजायचं नाही."

"काय मोजायचं नाही?"

"काहीच."

मी बसलो. तिने जांभई दिली, तोंड केवढं तरी मोठं, आणि माझ्या शर्टाच्या घडीत नाक खुपसून झोपली. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत खुर्चीच्या पायाशी आलं. मनीलाही डोळा लागला. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.